दोन रुपयांची पाटी

कोर्टातले किस्से कार्बन कॉपीसारखे साठत जातात. गोष्ट एकदाच घडते, पण एक प्रत चहावाल्याकडे राहते, एक स्टॅम्पवाल्याकडे आणि एक माझ्याकडे. माझ्या प्रती जरा ठसठशीत उमटल्यात, कारण त्या दिवसांत मी टाइपरायटरच्या कळा रागानेच बडवायची.

बी.ए. झाले होते. लॉ कॉलेजची फी जमवायची होती, म्हणून नागपूरच्या कोर्टाच्या आवारात ढोबळे नोटरींच्या टेबलावर टायपिस्ट झाले. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. निंबाखाली टेबल, बाकडं आणि झाडाला दोन खिळ्यांवर टांगलेली टिनाची पाटी:

प्रतिज्ञापत्र दोन रुपये.
खरी नक्कल आठ आणे.
टायपिंग पानाला एक रुपया.
स्टॅम्पपेपर छापलेल्या किमतीत.
बसण्याचे पैसे नाहीत.

फी घेण्याआधी प्रत्येकाने ही पाटी मोठ्याने वाचायची, असा ढोबळेसाहेबांचा नियम. ज्याला वाचता येत नाही त्याला मी वाचून दाखवायची आणि त्याने माझ्यामागून तीनदा म्हणायची.

"तीनदा काहून?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"एकदा ऐकलेलं गेटपर्यंत टिकते. तीनदा म्हटलेलं घरी जाते."

तेवढ्या वेळात माझी दोन पानं झाली असती. म्हणजे दोन रुपये. म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्यांचा वेळ फुकट वाटतो, हे माझं तेव्हाचं पक्कं मत होतं.

*

धरमपेठेतले एक गृहस्थ मोटारीतून उतरले. काम झाल्यावर दहाची नोट टेबलावर टाकून म्हणाले, "राहू द्या."

साहेबांनी पाटीकडे बोट केलं. गृहस्थांनी ऑफिसातल्या आवाजात पाटी वाचली. साहेबांनी आठ रुपये परत केले. गृहस्थ हिरमुसले.

"अहो, दोन रुपयांच्या सहीवर माझा जावई विश्वास ठेवेल का?"

"मग शेजारच्या टेबलावर दाणीसाहेबांकडे जा, तेही नोटरीच," साहेब म्हणाले. "तिथे विश्वास दहाचा मिळते."

गृहस्थ खरंच गेले. दाणीसाहेबांनी पंधरा घेतले.

*

पारशिवनीकडची भागरताबाई आली ती पदर डोळ्यांपर्यंत ओढून. नवरा गेलेला. पोरीचं नाव शाळेच्या दाखल्यावर चंद्री आणि नर्सिंगच्या फॉर्मवर चंद्रकला. दोघी एकच, असं प्रतिज्ञापत्र आईला हवं होतं. तिने गाठ सोडून चिल्लर काढली तेव्हा मला बघवेना.

"साहेब, हिच्याकडून घेऊ नका."

"घेणार."

"तुम्हाला माणुसकी आहे की नाही?"

माझ्याशी वाद न घालता त्यांनी तिच्याकडून पाटी तीनदा म्हणवून घेतली, दोन रुपये घेतले आणि पावती दिली. मी तिचा कागद रागारागात बडवून काढला.

दोन दिवसांनी भागरताबाई परत आली. पदर कमरेला खोचलेला. कागद माझ्यापुढे आपटून म्हणाली, "काय वं बाई, हे चंद्रकांता कोण होय? पोरीनं घरी वाचून दाखवलं. फुकटात नाही घेतली तुमची सही. दोन रुपये मोजले मी!"

चूक माझीच होती, रागात टाइप केल्याची. नवा कागद करून दिला, फी न घेता. ढोबळेसाहेब मात्र इतके खूश झाले की त्यांनी तिला चहा पाजला.

"पायलं?" ती गेल्यावर मला म्हणाले. "फुकट केलं असतं तर ती भांडली असती का?"

*

धंतोलीच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. म्हातारे वडील खाटेवर, मुख्त्यारपत्रावर अंगठा हवा होता. मुलगा दारातच म्हणाला, "साहेब, बाबा झोपले आहेत. अंगठा घेऊन ठेवलाय. तुम्ही फक्त शिक्का मारा, रिक्षाचं भाडं मी देतो."

"मी माणूस पायल्याशिवाय शिक्का मारत नाही."

आत गेलो. साहेब खाटेशी वाकले आणि ग्लानीतल्या माणसाच्या कानात पाटी म्हणू लागले. मला लाज वाटली. नर्स बघत होती. तिसऱ्या खेपेला म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"दोन रुपये?" तो मुलाकडे बघत पुटपुटला. "मंग याने माह्याकडून पन्नास काहून घेतले?"

मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही झोपा."

बाबा त्यानंतर झोपले नाहीत. मुख्त्यारपत्रही झालं नाही. परतताना रिक्षाचं भाडं साहेबांनी दिलं. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती.

*

मग दाणीसाहेब आमच्या बाकड्यावर येऊन बसले.

"ढोबळे, पाटी काढा. लोक तुमची पाटी वाचतात न् माह्याशी घासाघीस करतात."

"फी कायद्यात लिहून आहे गा. मी फक्त रंगवली."

"मग दलाल तुमच्याकडे माणूस आणणार नाहीत."

आणि खरंच आणेनात. गेटवरच माणसं पकडून दुसऱ्या टेबलांवर बसवू लागले. आमच्याकडे दिवसाला दोन कागद, कधी तेही नाहीत. कॉलेजची फी भरायची तारीख जवळ येत चालली होती.

"काढा ना ती पाटी," मी एक दिवस ओरडलेच. "फी दोनच घ्या, पण झाडावर कशाला टांगायची? कोण लक्षात ठेवतं?"

साहेबांनी मला टेबल पुसायचं फडकं दिलं. "धूळ बसली आहे. पाटीवर."

मी पुसली. इतकी घासली की 'आठ आणे'चा रंग उडाला.

*

एका सोमवारी आले तर झाडावर नुसते दोन खिळे. पाटी गेलेली.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. साहेब आले. खिळे हाताने चाचपले आणि बसले. दाणीसाहेब त्या दिवशी फार मनापासून फाइल वाचत होते.

दुपारी गेटमधून भागरताबाई आली, बरोबर तिच्या गावच्या चार बाया. आमच्या टेबलाची खूण म्हणजे पाटी, आणि तीच नव्हती. दलालाने पाचही जणींना सरळ दाणीसाहेबांपुढे नेऊन बसवलं. मी उठले. साहेबांनी मला हाताने खाली बसवलं.

"एका कागदाचे दहा," दाणीसाहेब म्हणाले.

भागरताबाई उठून उभी राहिली. शाळेत प्रार्थनेला राहतात तशी, हात बाजूला सोडून.

"प्रतिज्ञापत्र दोन रुपये," ती म्हणाली.

मागून चौघी उठल्या. त्या आमच्याकडे कधीच आल्या नव्हत्या. चौघींनी एका सुरात म्हटलं, "खरी नक्कल आठ आणे."

"टायपिंग पानाला एक रुपया."

"स्टॅम्पपेपर छापलेल्या किमतीत."

आवारातले टाइपरायटर एकेक करून थांबले. चहावाला किटली हातात धरून उभा राहिला. आणि पाचही जणी, खणखणीत, "बसण्याचे पैसे नाहीत," म्हणून परत खाली बसल्या.

दाणीसाहेबांनी पेन उघडलं. पाच कागद केले. दोन-दोन रुपये घेतले.

काम झाल्यावर भागरताबाईला आम्ही दिसलो. जवळ आली, खिळ्यांकडे पाहिलं.

"साहेब, पाटी धुवाले नेली काय जी?"

ढोबळेसाहेबांनी चष्मा काढून पुसला.

"हो," ते म्हणाले. "वाळत घातली आहे."