बरणीला कुणी दाखला मागितला नाही

माझा संताप अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, बाई, झालं गेलं गंगेला मिळालं. आमच्याकडे तापी आहे, आणि तिलाही ते मिळालेलं नाही.

राज्यांची फेरवाटणी झाली तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात डॉक्टर होते. पॅथॉलॉजीत एम.डी. केलेली, म्हणजे अवयवाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोग कोणता ते सांगणारी. जिथं शिकले त्या कॉलेजात त्याच विभागात संशोधनाची दोन वर्षांची जागा निघाली होती. विषय मीच सुचवलेला, जिनात म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात राबणाऱ्या मजुरांची फुप्फुसं. विभागाचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "ये, तुझीच जागा आहे."

त्याच सुमारास जिनातला एक मजूर आमच्या दवाखान्यात वारला. देडतलाईचा. खोकून खोकून गेला, म्हणून गावानं परस्पर निकाल दिला की क्षय होता. त्याच्या घरचं पाणी कुणी पिईना, थोरल्या पोरीची ठरत आलेली सोयरीक मोडली. मी त्याच्या बायकोला विचारलं, फुप्फुसाचा तुकडा तपासायला काढू का? दीर खवळला. मेलेला माणूस पुरा जाळायचा असतो, हे काय मलाही ठाऊक नव्हतं? पण ती म्हणाली, "काढा बाई. पन काय होतं ते मले लिहून द्या. पोरीचं लगन अडलं आहे."

मी शब्द दिला. आमच्याकडे तुकड्याचे पातळ काप काढायचं यंत्र नव्हतं, म्हणून तो बरणीत घालून कॉलेजात गेले, बरणी सरांच्या हाती दिली आणि नेमणुकीच्या पत्राची वाट बघत परत आले.

पत्र आलं. आपण परराज्यातील रहिवासी असल्याने आपला विचार करता येत नाही. परराज्य म्हणे. अहो, मी जागची हललेसुद्धा नव्हते, त्यांनीच मधे रेघ ओढली होती, मी अलीकडे, कॉलेज पलीकडे. मग आमच्या नव्या राज्यातल्या कॉलेजात गेले. तिथला बाबू म्हणाला, "मैडम, पढ़ाई तो आपने उधर की है, उधर ही पूछिए." उधर पुन्हा अर्ज केला तर कारकून हळूच म्हणाला, "आमच्या हद्दीत मामा-बिमा कुणी आहे का? त्याच्याकडे राहता असं लिहून आणा, मग बघू." मामा होता. तुकईथडचा, हद्दीच्या अगदी जवळ, पण अलीकडे. तो पलीकडे असता तरी मी खोटं लिहिलं नसतं, असं आज म्हणते. तेव्हा लिहिलं असतं.

वर्ष उलटलं. जागा रिकामी, म्हणून तो तुकडा कापायला कुणी नाही. बरणी तिथल्या कपाटात आरामात. तिला रहिवासाचा दाखला कुणी मागितला नाही.

ती बाई दोन-तीन महिन्यांनी बसनं यायची, दवाखान्याच्या पायरीवर बसायची. "आला का कागद?" मी तिला राज्यांचं सांगायचे. एकदा म्हणाली, "तुमचं राज्य कोनतं बी असो, फुप्फुस तर माह्या मानसाचं आहे ना?" त्यानंतर ती यायची थांबली. मला ते फार लागलं. रजा टाकली आणि कॉलेज गाठलं.

सर म्हणाले, "नियम आहे गं. माझे हात बांधलेत."

"माझे नाही बांधलेले. बरणी द्या."

"ती विभागाची मालमत्ता आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले ती तीन दिवस तिथंच. शेवटी प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मदतनिसानं तुकडा मेणात बसवला, काप काढले. सरांनी न बघितल्यासारखं केलं, तेवढं त्यांचं मानते.

मला बघायला अर्धा तास लागला. क्षयाची एक गाठ नाही, एक जंतू नाही. श्वासनळ्या सुजून जाड झालेल्या आणि जिकडेतिकडे जिनातली काळी धूळ. एवढ्या अर्ध्या तासासाठी दोन राज्यांनी मिळून सव्वा वर्ष खाल्लं.

तिथून परस्पर देडतलाईला गेले. ती अंगणात तूर निवडत होती. कागद पुढं केला तर तिनं हात लावला नाही. उठली, शेजारच्या चार बायकांना बोलावून आणलं आणि म्हणाली, "आता वाचा. मोठ्यानं." मी वाचलं. "अजून एक बार." पुन्हा वाचलं. बायका खाली बघत राहिल्या. मग तिनं चहा ठेवला, आणि त्यांतलीच एक घरी जाऊन वाटीभर साखर घेऊन आली. सगळ्या तिथंच बसून चहा प्यायल्या.

मी म्हटलं, "आता पोरीचं बघा. कुठं आहे ती?"

"दिली वैशाखात," ती म्हणाली. "दोन लेकरांच्या बापाले. क्षयाच्या घरची म्हनून दुसरं कोनी पाहेच ना."

सगळा वैशाख माझा अर्ज त्या कारकुनाच्या टेबलावर पडून होता.