भुताच्या पाठीवरचे टक्स

"दोन, चार… सहा. हा चौथा." मास्तरीणबाईंनी भिंग खाली ठेवलं आणि फोटो उजवीकडच्या ढिगावर सरकवला. "पुढचा द्या."

फोटो-संग्रहाच्या ऑफिसातल्या मॅडम बघतच राहिल्या. फोटोत भूत पाठमोरं. मोकळे केस, पांढरा झगा, हातात मेणबत्ती, समोर जिना. तोंड दिसत नाही, फोटोमागं एक अक्षर लिहिलेलं नाही. असे दीडशे फोटो खोक्यात पडून होते. चार जुने भुताचे सिनेमे, त्यातला कुठला फोटो कुठल्या सिनेमाचा हे शिकल्यासवरलेल्या तिघांना दोन वर्षांत सांगता आलं नव्हतं.

"सहा काय मोजलंत तुम्ही?"

"टक्स. कमरेवर, पाठीत, उभ्या शिवणी दिसतात बघा. झगा एकच होता, चारी सिनेमांना तोच. निर्माता असला चिकट! पहिल्यात टक्स नाहीत. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात सहा. मीच घातलेत, मला नाही कळणार तर कुणाला?"

मास्तरीण हे काही तिचं नाव नव्हे. शाळेशी तर तिचं तिसरीतच फाटलं. पण स्टुडिओच्या कपडेखात्यातले टेलर मास्तर गेले, त्यांच्या मशीनवर ही बसली, आणि सगळे मास्तरीणबाई म्हणायला लागले. बत्तीस वर्षं तिनं तिथं चेटकिणींचे, सैतानांचे, मढ्यांचे कपडे शिवले.

आणि फोटोतलं भूत तिची सख्खी धाकटी बहीण होती. लहानपणी नुसती गोल होती म्हणून घरात तिला ढमी म्हणायचे. आई गेल्यावर ढमीला हिनंच वाढवलं. स्टुडिओत आणलं तेही हिनंच. पोस्टरवर नाव हिरॉइनचं असायचं, पण हिरॉइनबाई चार पायऱ्या चढल्या की धापा टाकायच्या. मग भूत म्हणून चालायची ढमी.

हे खोकं लावून द्यायला मास्तरीणबाई आली त्याला एकच अट होती. "माझ्या बहिणीचा, तोंडाला रंग न लावलेला एक फोटो सापडला तर त्याची कॉपी द्यायची. बाकी मला चहासुद्धा नको."

घरात ढमीचा एकही फोटो नव्हता. होता तो एक, खोली बदलताना हरवला. ढमीला जाऊन एकेचाळीस वर्षं झाली होती आणि आता डोळे मिटले की ती दिसायची ती रंगवलेलीच. जळका गाल, नाहीतर मातीनं लिंपलेलं कपाळ. खरं तोंड निसटत चाललं होतं. बाई आयुष्यभर भुतांत वावरली, कधी घाबरली नाही. ह्या एका गोष्टीला मात्र घाबरायची.

पाठमोरे संपले. तोंडाचे फोटो आले.

"हा पहिला सिनेमा. गाल भाजलेला आहे ना? टिश्यू पेपर आणि डिंक. दादा थरावर थर द्यायचे आणि वाळला की टाचणीनं फाडायचे." दादा म्हणजे मेकअपमन. "ढमी हसली की गाल सुटून हातात यायचा. म्हणून सेटवर तिला कुणी विनोद सांगायचा नाही."

"बरोबर आहे."

"मी सांगायचे."

मॅडम हसल्या. बाईंनी पुढचे दोन फोटो ओढले. "हा दुसरा. भुवया साबणानं चिकटवून वरून मेण. हा तिसरा, माती वाळून तडे गेलेत. तीन-तीन तास तोंड हलवायचं नाही. मग ही मला चिठ्ठ्या लिहायची. 'ताई, नाक खाजव.' अख्ख्या युनिटसमोर मी भुताचं नाक खाजवायचे."

"तुम्हाला वाचता यायचं?"

"तिनंच शिकवलं होतं. नाहीतर नाक कोण खाजवणार?"

मग चौथ्या सिनेमाचा फोटो आला. डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर, ओठ नुसती रेघ. बाईंनी भिंग लावलं आणि मान डोलावली. "इथं दादांनी कमाल केली बघा. कागद नाही, माती नाही, नुसत्या सावल्यांवर काढलंय. रंगाची कड शोधून दाखवा. नाही सापडत! असला हात परत कुणाला नाही आला."

मॅडमनी कार्डावर लिहिलं, 'मेकअप, सावल्यांचा'. मग म्हणाल्या, "ह्यात चेहरा जरा तरी दिसतोय. ह्याची कॉपी काढू तुमच्यासाठी?"

"ह्याची? ह्यात माझी ढमी कुठाय? हे दादांचं काम आहे. माझी बहीण गुटगुटीत होती हो."

"गुटगुटीत होती तर मग झगा सारखा आत का घ्यायला लागायचा?"

"अहो, आमचं भूत डायटिंगवर…"

बाई थांबली. हा तिचाच जुना विनोद. तोंडात टाचण्या धरून ती तो दर सिनेमाला मारायची, आणि ढमी म्हणायची, "घाल की अजून दोन टक्स, तरंगायला सोपं."

तिनं ढिगांतले चार पाठमोरे फोटो उचलले आणि टेबलावर शेजारीशेजारी मांडले. शून्य. दोन. चार. सहा. एका टकाला बोटभर कापड जातं. तिनं आपली बोटं पुढं धरली, एक हात पुरला नाही, दुसऱ्याचं एक घेतलं. चौथा सिनेमा संपला आणि दोन महिन्यांत ढमी गेली. डॉक्टर म्हणाला होता, दुखणं जुनं आहे. बाईंनी त्याला वेड्यात काढलं होतं. अचानक गेली, असंच ती आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

"मापाची टेप माझ्याच हातात होती ना," ती म्हणाली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"बोला की. टेप कुणाच्या हातात होती?"

"तुम्हाला कसं कळणार होतं, मावशी?"

"मला नाही तर कुणाला?" आवाज चढला आणि लगेच बसला. "पण तोंड चांगलं असायचं हो तिचं. राहायला वेगळी होती तेव्हा, पण सकाळी माप द्यायला यायची तेव्हा गाल लाल असायचे. मी म्हणायचे, झोप झालेली दिसते बाईसाहेबांची. ती हो म्हणायची."

मॅडमनी पाणी दिलं. बाईंनी ते बाजूला ठेवलं आणि भिंग उचललं. खोकं अर्धं बाकी होतं. घरी जा म्हटलं तरी उठली नाही. सगळे फोटो लावले, एकही सोडला नाही. रंग न लावलेला फोटो निघाला नाही.

"नाही सापडला," जाताना ती म्हणाली, जणू मॅडमचीच समजूत काढत होती. चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि कठडा धरून, पायरी-पायरीला थांबत जिना उतरली.

त्या ऑफिसचा नियम असा, की ओळख पटली तरी कार्डावर दुसऱ्या जाणत्या माणसाची सही लागते. दादा कुठल्या वृद्धाश्रमात आहेत ते शोधायलाच सात महिने गेले. मॅडम कार्डं घेऊन गेल्या. दादांनी एकेक सही केली. शेवटच्या कार्डावर पेन थांबलं.

"इथं मेकअप लिहिलंय ते खोडा," ते म्हणाले. "चौथ्या सिनेमात मी तिला ब्रश लावलाच नाही. रंग लावायचो तो सकाळी, मास्तरीणबाईंकडे माप द्यायला जायच्या आधी. गालाला लाली, डोळ्यांखाली गोरा रंग. तसं वचनच घेतलं होतं तिनं. परत आली की मी सगळं तेलानं पुसायचो, आणि ती तशीच कॅमेऱ्यासमोर जायची."