रामहरींचा उजवा कान

बब्रुवान पाथरवटानं आयुष्यभर जात्यांना टाकी लावली, पायऱ्या घडवल्या, नंदी कोरले. माणूस मात्र एकच घडवला: ईट गावाजवळच्या त्याच्या खेड्याचे सरपंच रामहरी. भर बाजारात कोयत्यानं त्यांचा खून झाला. तोंडाचा असा चेंदा केला होता की बायकोला, कडूबाईला, शेवटचं दर्शनही घेऊ दिलं नाही. बब्रुवाननं आठवणीतून काळ्या दगडात तो चेहरा कोरला, बैलाच्या शिंगानं फाटलेल्या उजव्या कानासकट, आणि पुतळा चौकात बसला.

यंदा खून करवणाऱ्याचाच मुलगा, महारुद्र, सरपंच झाला. त्याला चौकात आपला बाप हवा होता, आणि तोही त्याच दगडातून. निर्लज्जपणालाही काही हद्द असते, ती याला माहीत नव्हती. बब्रुवान नाही म्हणाला तेव्हा त्याला लोखंडी पाइपानं बडवलं, दोन फासळ्या मोडल्या. मग घर पेटवायची भाषा झाली आणि म्हातारा कबूल झाला.

तेरचे प्राचीन अवशेष पाहायला आलेल्या एका प्राध्यापकांनी त्याला कधीतरी रोमन पुतळ्यांचे फोटो दाखवले होते. बादशहा पडला की त्याच्याच दगडात नवा कोरायचे. शेकडो वर्षांनी आणखी कुणी फुटकं नाक नवं बसवायचं. पण चेहरा खरवडला की डोकं बारीक होतं, नव्या कानांना दगड पुरत नाही, म्हणून कान बहुतेकदा जुन्याचेच राहतात. "नेहमी कानाकडं बघा," प्राध्यापक म्हणाले होते.

बब्रुवाननं पहिला घाव नाकावर घातला. मग मिशा, गाल, कपाळ. प्रत्येक घावाला फासळीतून कळ निघायची. आपण रामहरींना दुसऱ्यांदा मारतोय, असंच त्याला वाटत होतं. फाटका कान चार ठोक्यांत सरळ करता आला असता. पण त्याची टाकी तिथं गेलीच नाही.

पडदा निघाला, टाळ्या सुरू झाल्या. कडूबाई गर्दीतून पुढं आली आणि तिनं उजवा कान चाचपला.

"ह्यो माझा धनी हाय."

टाळ्या थांबल्या. महारुद्रनं घण बब्रुवानच्या हातात कोंबला. "तोड त्यो कान."

"न्हाय तोडत."

महारुद्रनं घण हिसकावला आणि स्वतःच हाणला. खरवडून बारीक झालेलं ते डोकं एका घावात फुटलं, बापाचं तोंड मातीत गेलं. मग त्याच्या माणसांनी बब्रुवानचा उजवा हात चौथऱ्यावर दाबून धरला. घणाखाली तीन बोटं गेली. गाव उभं राहून बघत होतं. असल्या गावाची लाज वाटते.

चौथ्या दिवशी कडूबाई धाराशिवच्या दवाखान्यात आली. पदराची गाठ सोडून तिनं चौकातल्या तुकड्यांतून वेचलेला दगडाचा कान बब्रुवानच्या डाव्या हातावर ठेवला.

"वैनी, एवढंच राखता आलं."

"धनी गेले तवा एवढंबी बघू दिलं न्हवतं, भाऊ."

बब्रुवाननं त्या फाटक्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मार खातानाही आलं नव्हतं ते रडू त्याला आलं. कडूबाई जवळ बसून राहिली. मग कान पुन्हा पदरात बांधून ती ईटची एसटी धरायला निघाली.