मामांचं अर्थिंग

गेल्या मंगळवारी माझ्या इलेक्ट्रिक गाडीने मला चांगलाच घाम फोडला... तोही निमगाव केतकीत, माझ्या मामांच्या अंगणात.

मी बारामतीत राहते. त्या दिवशी मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इकडे आणायचं होतं, दोनच्या आत दवाखान्यात हजर. याआधी त्यांनी दोन तारखा चुकवल्या होत्या... एकदा म्हैस व्यायली म्हणून, एकदा उसाला पाण्याची पाळी आली म्हणून. खरं कारण एकच, भीती. ही तिसरी तारीख हुकली असती तर ते परत तयार झाले नसते, आणि डॉक्टरांनी आता थांबू नका म्हणून बजावलं होतं.

आणि नेमकी मीच माती खाल्ली. आदल्या दिवशी पुण्याला जाऊन आले, रात्री गाडीला प्लग लावला... पण भिंतीवरचं बटण दाबायलाच विसरले! सकाळी बघते तर अठ्ठावीस टक्के.

गाडी घेऊन दीड वर्ष झालंय. कंपनी सांगते त्याच्या दोन तृतीयांश रेंज धरून चालायचं, हे आता अंगवळणी पडलंय. निमगावला पोचेपर्यंत तेरा-चौदा टक्के उरणार, परत यायला ते अगदी काठावर. म्हटलं, सोबतचा चार्जर मामांच्या घरी लावू. तासाला सात-आठ टक्के मिळतात, दोन तास पुष्कळ झाले.

साडेदहाला पोचले. पडवीत पाण्याच्या मोटरचा मोठा प्लग आहे, त्यात चार्जर लावला... लाल दिवा! काढला, पुन्हा लावला, पुन्हा लाल. अर्थिंग नीट नसेल तर हा चार्जर कामच करत नाही. इंदापूरला हायवेवर फास्ट चार्जर आहे, तो ॲपवर बंद दिसत होता. मामेभाऊ घरची गाडी घेऊन डाळिंबं विकायला गेलेला.

मामा बाजेवर बसून सगळं ऐकत होते. चेहरा एकदम खुलला!

"ऱ्हाऊ दे मग. गाडीच न्हाय म्हणतीया, आपुन कशाला जायाचं?"

"बरं निमित्त घावलं तुमाला," मामी आतून म्हणाली.

मी वैतागून बोलून गेले, "मामा, तुमच्या घराचं अर्थिंगच खराब आहे!"

झालं... मामांनी उभी हयात लाईट फिटिंगची कामं केली आहेत. निम्म्या गावातल्या घरांची वायरिंग त्यांच्या हातची. म्हातारा ताडकन उठला.

"कुणाचं अर्थिंग खराब? सोत्ता खड्डा घेतलाय म्या. कोळसा, मीठ, समदं घातलंय. आदी त्यो प्लग काड!"

मी मुकाट्याने काढला. मामा भिंत चाचपत, वायर बोटांनी धरत घराच्या मागे निघाले. समोरचं माणूस त्यांना धुरकट दिसतं, पण वायर कुठे वळते ते बोटांना पाठ होतं. जुन्या मोरीच्या तोंडाशी ती जमिनीत जात होती. तिथे ते खाली बसले आणि मातीवर हात ठेवला... ठणठणीत कोरडी.

"हितला अळू कुठं गेला?"

"वाळला की," मामी म्हणाली. "नवी न्हाणी तिकडं बांधली, तवापास्नं हितं पाण्याचा थेंब न्हाय."

तेव्हा कुठे मला उलगडा झाला. मामांनी अर्थिंग मुद्दाम मोरीच्या तोंडाशी पुरलं होतं. भांड्यांचं, अंघोळीचं पाणी रोज तिथे मुरायचं, माती ओली राहायची आणि करंट जमिनीत जायला वाट राहायची. न्हाणी हलली आणि अळू, अर्थिंग दोन्ही वाळलं. त्या अळूच्या वड्या मी लहानपणी किती हाणल्यात... पण मामांची ही अक्कल आज कळली!

"तहान लागलीया त्येला. आन पाणी."

पाच बादल्या पाणी आणि दोन मुठी खडेमीठ ओतलं. मामा उकिडवे बसून बोटाने माती दाबून बघत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, लाव आता.

लावला...

"कंचा दिवा?" मामा डोळे बारीक करून विचारत होते. त्यांना नुसता उजेडाचा ठिपका दिसत होता, रंग कळत नव्हता.

"हिरवा, मामा!"

"खोटं बोलू नगंस."

"हिरवाच हाय," मामी म्हणाली. "आता कापडं बदला."

एक वाजता पंचवीस टक्क्यांवर निघालो. एसी बंद, काचा खाली, साठच्या वर गेले नाही. वाटेत मामा एकदाच पुटपुटले, "माज्याच अर्थिंगनं मला धरून न्हेलं..." दवाखान्याच्या दारात दहा टक्के शिल्लक होते आणि दोनला पाच मिनिटं कमी.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. आमच्या पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला होती (बटण दोनदा तपासून!). मामांनी काळा चष्मा कपाळावर सारला, ऑपरेशन न झालेला डोळा हाताने झाकला आणि चार्जरकडे बघत राहिले.

"हिरवा हाय," म्हणाले. मग चष्मा परत डोळ्यांवर घेत, "डाव्याची तारीख कंदी म्हणत्यात?"

मामेभावाने आता न्हाणीच्या पाण्याला पाईप टाकून ते जुन्या मोरीकडे वळवलंय. मामीने अळूचे कंद लावलेत.

डाव्या डोळ्याच्या तारखेला मी भरपूर चार्ज करूनच जाणार आहे. तरीही गाडी मामांच्या प्लगला लावणार... स्वतःच्या अर्थिंगवरचा हिरवा दिवा त्यांना एकदा स्वतःच्या डोळ्याने बघू दे.