क्वार्कच्या सूत्रातलं गाळलेलं पद

सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. संगणक कक्षात पंखे घरघरत होते आणि ती पडद्याला नाक लावून बसली होती. वर्षभर चाललेलं गणित पहाटे संपलं होतं. प्रोटॉनच्या पोटात जे क्वार्क असतात, त्यांतल्या सगळ्यात हलक्या दोन जातींच्या वस्तुमानात फरक किती, एवढाच प्रश्न. उत्तर समोर होतं, पण मुद्दाम बिघडवलेलं. संशोधन गटाची रीतच तशी होती. उत्तराला आधीच एका गुप्त आकड्याने गुणून ठेवायचं, म्हणजे कुणी ते आपल्याला हवं तिकडे ओढू शकत नाही. तो आकडा फक्त गटातल्या मैत्रिणीकडे होता, आणि मैत्रीण चहाला गेली होती.

क्वार्कना वस्तुमान कुठून मिळतं, याचं एक सूत्र तिने पीएचडी करताना मांडलं होतं. मार्गदर्शक सरांनी ते एकट्याच्या नावावर छापलं. हिला आभारात जागा मिळाली, टायपिस्टच्या खाली. छापताना सूत्र देखणं दिसावं म्हणून सरांनी विद्युतभाराचं पद गाळलं. त्या पदाशिवाय हलक्या क्वार्कचं उत्तर चुकणार, हे तिला त्याच दिवशी दिसलं. तिने चकार शब्द काढला नाही. सर त्याच सूत्रावर विभागप्रमुख झाले, हार घेत फिरले. तिने त्यांना चढू दिलं. जितकं उंच, तितकं बरं.

आई म्हणायची, "अगं, सोडून दे आता. मोकळी हो."

"होईन ना. आधी तो आपटू दे."

मैत्रीण आली. तिने आकडा घातला, खरं उत्तर उघडलं. सरांच्या सूत्राने येणारं उत्तर जेमतेम त्याच्या निम्म्यावर.

"गेले गं तुझे सर!"

तिने टेबलावर मूठ आपटली. मग आपलं पद जोडून सूत्र पुन्हा चालवलं. उत्तर खऱ्याच्या पार पलीकडे जाऊन पडलं. तिने पुन्हा तपासलं. तेच.

"अगं, तुझंही गेलं," मैत्रीण हळू आवाजात म्हणाली.

तिने खुर्ची मागे ढकलली. "म्हणजे त्यांनी चोरलं ते भंगारच होतं?"

"दिसतंय तसंच. उद्याच्या व्याख्यानात तुझं पद दाखवणार?"

"माझं कसलं पद? सूत्र सरांचं. जगाला तेवढंच ठाऊक आहे. भंगार त्यांच्या नावावर आहे, तिथेच राहू दे."

तेवढ्यात सरांचा फोन आला. "काय, निघालं का उत्तर? आपलं सूत्र टिकलं ना?"

आपलं! इतक्या वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आला होता.

"तुमचं, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "उद्या कळेलच."

उद्या दुपारी तीनला तिचं व्याख्यान आहे. अध्यक्षस्थानी सर आहेत, आणि विभागाच्या रीतीप्रमाणे वक्त्याची ओळख अध्यक्षच करून देतात; त्यात 'आपलं सूत्र' म्हणायला ते मोकळे आहेत.