रक्तानं केलेली चुगली

महायुद्धाच्या काळातली गोष्ट. मी नऊ वर्षांची होते. येळ्ळूरला आमची शेती. एका सकाळी माझ्या बेंबीभोवती दुखायला लागलं. आईनं ओवा दिला, आत्यानं दृष्ट काढली. तरी कळ खाली उजव्या बाजूला सरकली आणि उलटी झाली, तेव्हा आप्पांनी बैलगाडी जुंपली. आई बाळंतीण होती, म्हणून सोबतीला आत्या आली. प्रत्येक धक्क्याला मी कण्हायची आणि आत्या बैलांना शिव्या द्यायची.

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबलं. मी ओरडले.

"आतड्याला एक शेपूट असतं, ते सुजलं असावं," ते आप्पांना म्हणाले. "तसं असलं तर कापून काढावं लागेल."

ऊस कापतात, गवत कापतात, हे मला ठाऊक होतं. पोरींचं पोट कापतात हे नवीन होतं.

"आता दुखंना," मी म्हणाले.

डॉक्टरांनी परत दाबलं. मी दात आवळून हसले. ते बुचकळ्यात पडले आणि रक्त तपासायला सुई घेऊन आले. आत्या आडवी आली.

"दुखतंय पोट, आन बोट कशापायी टोचताय?"

"रक्तात पांढऱ्या पेशी असतात. अंगात कुठं सूज आली, पू झाला की त्या वाढतात."

"वाढल्या म्हंजी शेपूटच सुजलंय, व्हय?"

"नाही. घसा सुजला तरी वाढतात. पोट आणि रक्त, दोन्ही बघून अंदाज बांधायचा."

"म्हंजी अंदाजच," आत्या म्हणाली आणि बाजूला झाली.

पेशी थोड्या वाढलेल्या निघाल्या. संध्याकाळी परत मोजायचं ठरलं. तोवर मी मन लावून खोटं बोलत राहिले. डॉक्टर म्हणाले, "उजव्या पायावर उडी मार बघू." मी मारली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. केर गेला, असं मी सांगितलं.

संध्याकाळी परत बोट टोचलं. डॉक्टर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, मग म्हणाले, "ही म्हणते बरं वाटतंय. रक्त म्हणतंय, सूज वाढलीय. आणि तो केर मला काही पटलेला नाही."

आप्पांनी आत्याकडं पाहिलं.

"रगताचं मला काय कळत न्हाय," आत्या म्हणाली. "पर सकाळधरनं ह्या पोरीनं संगं आणलेल्या शेंगदाण्याच्या लाडवाकडं बघितलं न्हाय. कापा."

त्याच संध्याकाळी मला कापलं. शुद्धीवर आले तेव्हा आत्या डॉक्टरांकडून ते शेपूट मागून घेऊन बघत होती. ते करंगळीपेक्षा जाड झालं होतं. "आणि थोडा वेळ गेला असता तर फुटलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून आप्पा मटकन खाली बसले. मग त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

घरी आल्यावर गावातल्या बायका बघायला यायच्या. आत्या प्रत्येकीला सांगायची, "डाक्तर दोनदा बोट टोचून मोजत बसला. वळखलं मी." मी पोलकं वर करून टाके दाखवायची आणि गुळाचा खडा घ्यायची.