जुनं हजर, नवं गैरहजर

तृप्ती आमच्या लोखंडी सळयांच्या रोलिंग मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायची. राजूरची पोरगी, रोज स्कूटीवरून एमआयडीसीत यायची. मी फाटकाजवळच्या वजनकाट्यावर भंगाराचे ट्रक मोजायचो. माझ्याइतका तिरसट माणूस अख्ख्या जालन्यात नसेल, पण ही बिनधास्त विचारायची, "काका, आज काटा रुसलाय का तुम्ही?"

एकदा कुणीतरी एका कामगाराची हजेरी बदलली आणि खापर हिच्या डोक्यावर फुटलं. ही रडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं कॉम्प्युटरमध्ये एक पहारेकरी बसवला. ट्रिगर म्हणतात त्याला. हजेरीत कुणी काही बदललं, की जुनं काय होतं, नवं काय झालं, कुणाच्या नावानं आणि किती वाजता, हे तो गुपचूप दुसऱ्या तक्त्यात उतरवून ठेवायचा. सुरुवातीला कुणी नुसतं सेव्ह केलं तरी नोंद व्हायची. मग तिनं अट घातली, जुनं आणि नवं खरोखर वेगळं असेल तरच लिहायचं.

"आता चुकून हात लागला म्हणायची सोयच न्हाई, काका," ती म्हणाली.

"अन् तुझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून चिकटवलाय तो?" मी हसून विचारलं. तो साहेबांचा हुकूम होता. ती रजेवर असली की काम अडायला नको म्हणे. सगळ्या ऑफिसला तो पासवर्ड पाठ होता.

अंगारकीला राजूरच्या गणपतीला ही गर्दी. तृप्तीच्या वडिलांचं मंदिराजवळ नारळाचं दुकान, म्हणून ती रजेवर होती. सकाळी पावणेआठला आमच्या मिलमधला कामगार, आष्टीचा भिवा, यानं नेहमीसारखी माझ्या केबिनची खिडकी दोनदा वाजवली, माझ्या डबीतली चिमूटभर तंबाखू घेतली आणि फाटकावरच्या मशीनवर अंगठा लावून तो आत गेला. अंगठा लावला की कॉम्प्युटरमध्ये 'हजर' पडतं. अकराच्या सुमारास तापलेली सळई उसळली आणि भिवा जागच्या जागी गेला.

संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, भिवा त्या दिवशी कामावर नव्हताच, पिऊन आत घुसला होता. कॉम्प्युटरमध्येही 'गैरहजर' होतं. चौकशीला आलेल्या सरकारी माणसानं मला विचारलं, "तुम्ही पाहिलं का त्याला?" माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी म्हणालो, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी पावणेआठला खिडकी वाजली, दोनदा. मी डबी काढून वर पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं.

त्याच दुपारी तृप्ती केबिनमध्ये आली. चेहरा पांढराफटक, हातात एक कागद. त्यावर तिच्या पहारेकऱ्यानं उतरवलेली एकच ओळ होती. भिवा. जुनं हजर. नवं गैरहजर. वेळ दुपारी चार बारा. नाव तृप्ती.

"मी तर राजूरला होते, काका. डोळे मिटले तरी हीच ओळ दिसून राह्यली. तो 'हजर' अजून तसाच बसलाय तिथं."

"पुसून टाक," मी म्हणालो. "तुझ्याच गळ्यात येईल."

"पुसता येतं मला. त्याचीच तर भीती वाटून राह्यली."

भिवाची बायको दुर्गाबाई फाटकाबाहेर बसून असायची. भरपाईचं नावही काढत नव्हती. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "तो कामावर आल्ता का न्हाई, एवढं सांगा. लोक म्हणून राह्यले, पिऊन मेला. माझ्या माणसानं कधी थेंब घेतला न्हाई हो."

तृप्ती तिच्यासमोर जाऊन मातीतच बसली. तिनं कागद वाचून दाखवला, शेवटच्या नावासकट.

"तृप्ती म्हंजे कोण?"

"मीच. माझ्या नावानं बदललंय. मी त्या दिवशी इथं नव्हते, पण माझं कोण ऐकणार? तुम्ही हा कागद ठेवा, मावशी. ते हजर होते."

मला स्वतःची शिसारी आली. काट्यावर ट्रक उभा होता, तो तसाच सोडून मी बाहेर गेलो. "बाई, पोरगी खरं बोलून राह्यली. ती रजेवर होती. अन् भिवा आल्ता. माझ्या हातची तंबाखू घेऊन आत गेल्ता. मी लिहून देतो."

दुर्गाबाईनं माझ्याकडं वळून विचारलं, "मंग तेव्हा न्हाई का म्हणलात, भाऊ?"

मी लिहून दिलं. चौकशीच्या कागदावर भिवा शेवटी हजर झाला आणि तो कागद पदराखाली धरून दुर्गाबाई आष्टीला गेली. तृप्तीला लगेच काढलं, मला महिन्याभरानं. ती आता वडिलांच्या दुकानात नारळ विकते. कधीमधी तिचा फोन येतो. पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला ही आपलीच चूक, असं दर वेळी म्हणते. मी तिला रागावतो.

माझं मात्र नवं उत्तर लिहिलं म्हणून जुनं गेलेलं नाही. चौकशीच्या फायलीत दोन्ही आहेत, आधी 'न्हाई', मग 'हो'. आता मी घरीच असतो. पावणेआठला घरची खिडकी दोनदा वाजते. मी डबी उघडून बसलेलाच असतो.